अंगणातील नळ आणि त्याची तोटी

ज्या घरातील स्त्रियांनी पिढ्यान्पिढ्या विहिरीवरून, नदीवरून अथवा झऱ्यावरून डोक्यावर पाणी वाहिले, त्या घराच्या अंगणात नळ येणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागातील प्रत्येक घराला नळ आणि दरमाणशी दररोज ५५ लिटर शुद्ध पाणी हे उद्दिष्ट ठेवले, आणि त्यानंतर ज्या गावांत पूर्वी केवळ नळकोंडाळे होते, तेथेही घरोघरी जोडण्या पोचल्या. उद्भवाची विहीर, पंप, जलकुंभ, मुख्य वाहिनी या सर्वांची आखणी अभियंते करतात. परंतु अंगणात उभ्या असलेल्या नळाची तोटी बिघडली म्हणजे नवी तोटी आणण्याचे काम घरधन्यावर येते, आणि आठवडी बाजाराच्या गर्दीत हाती लागेल ती स्वस्त तोटी पिशवीत पडते. बैल घेताना चार गावे फिरणारा आणि बियाण्याची पिशवी दोनदा उलटीपालटी करून पाहणारा शेतकरी तोटी मात्र न पाहताच घेतो. सगळ्या नळयोजनेत हीच वस्तू सर्वांत स्वस्त असली, तरी दिवसातून पन्नास वेळा हाताळली जाणारी वस्तूही हीच होय. ती कशी असावी, कोठे बसवावी आणि तिच्यापासून गावाच्या आरोग्याला धोका कसा उत्पन्न होतो, हे समजून घेणे यास्तव अगत्याचे आहे.

तोटी नसलेला नळ

पुष्कळ गावांत पाणी दिवसातून एकदा, तासभर अथवा त्याहूनही कमी वेळ सोडले जाते. काही ठिकाणी ते एक दिवसाआड येते. अशा गावांत अनेक घरी नळाला तोटीच नसते. पाणी आपोआप बंद होते, मग तोटीचा खर्च कशाला, असा त्यामागील विचार असतो. हंडे, पिंपे भरून झाली की उरलेले पाणी गटारात वाहू दिले जाते.

या विचारात हिशेबाची चूक आहे. १५ लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल, तर वीस मिनिटे मोकळा वाहणारा नळ ३०० लिटर पाणी दवडतो. पाच माणसांच्या कुटुंबाचा ५५ लिटरप्रमाणे एका दिवसाचा वाटा २७५ लिटर होतो. म्हणजे एका घराने गटारात सोडलेले पाणी दुसऱ्या घराच्या दिवसाच्या गरजेहून अधिक भरते. आणि हे दुसरे घर बहुधा त्याच गावाच्या चढावरच्या आळीत असते. पाण्याच्या उंचीत १० मीटरचा फरक पडला म्हणजे दाबात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा फरक पडतो. त्यामुळे सखल भागातील मोकळे नळ भराभर वाहू लागले की वाहिनीतील दाब तेथेच संपतो, आणि चढावरच्या घरी नळातून केवळ वारा निघतो. 'आमच्याकडे पाणी चढत नाही' अशी तक्रार ग्रामपंचायतीकडे आली म्हणजे वाहिनी मोठी टाकण्याची अथवा पंप बदलण्याची मागणी होते. ती मागणी मान्य करण्यापूर्वी गावपातळीवरील कार्यकर्त्याने पाणी सुटण्याच्या वेळी खालच्या आळीतून एक फेरी मारावी आणि किती नळांना तोट्या नाहीत ते मोजावे. पुष्कळदा रोगाचे निदान त्या फेरीतच होते, आणि त्यावरील औषध वाहिनीपेक्षा फार स्वस्त असते.

तोटी आहे पण ती ठिबकते, ही स्थितीही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. ठिबकणाऱ्या नळाखाली एक पेला दहा मिनिटे ठेवून पाहावा. त्यात १०० मिलिलिटर पाणी साठले, तर, नळात चोवीस तास पाणी असल्यास, दिवसाकाठी १४ लिटरांहून अधिक पाणी वाया जाते. घरच्या उंच टाकीवरून नळ काढलेला असेल, तेथे हा हिशेब पुरता लागू पडतो. कारण तेथे पाणी कधीच बंद होत नाही, आणि ठिबकलेला प्रत्येक थेंब पंपाने, म्हणजे विजेचे पैसे मोजून, वर चढविलेला असतो.

नळात उलटे शिरणारे पाणी

नळातून पाणी बाहेर येते हे सर्वांना ठाऊक आहे. नळातून पाणी आतही जाऊ शकते हे फार थोड्यांच्या लक्षात असते. पिंपातील रॉकेल वा डिझेल काढताना नळीचे एक टोक पिंपात बुडवून दुसरे टोक खाली धरतात व एकदा ओढ लागली की पिंप रिकामे होईपर्यंत धार चालू राहते, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे. नळयोजनेच्या वाहिनीत नेमके हेच घडते. जलकुंभाची झडप बंद झाली तरी वाहिनीत पाणी भरलेले असते. सखल भागातील नळ चालू असले की ते पाणी खाली ओसरू लागते, आणि त्याची जागा घेण्यासाठी वरच्या बाजूच्या नळांच्या तोंडातून जे मिळेल ते आत ओढले जाते. नळाचे तोंड मोकळ्या हवेत असेल तर हवा आत जाते व काही बिघडत नाही. परंतु नळाला लावलेली नळी बादलीत, गुरांच्या डोणीत अथवा हौदात बुडालेली असेल, तर त्यातील पाणी वाहिनीत जाते आणि दुसऱ्या दिवशी पाणी सुटले म्हणजे शेजाऱ्याच्या हंड्यात पडते.

शेतकऱ्याच्या अंगणात याहूनही भयंकर गोष्ट घडण्याचा संभव असतो. फवारणीचे दिवस आले की पिंपात औषध ओतून त्यात नळाची नळी सोडून दिली जाते आणि पिंप भरेपर्यंत शेतकरी दुसऱ्या कामाला लागतो. त्याच वेळी पाणी बंद झाले, तर कीटकनाशकाचे द्रावण वाहिनीत ओढले जाण्यास दुसरे काहीही लागत नाही. ही औषधे किती जहाल असतात याची आठवण महाराष्ट्राला करून द्यावी लागू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीस अथवा त्याहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पाण्यातील रोगजंतू उकळल्याने मरतात, टीसीएलनेही बहुतेक मरतात. कीटकनाशकावर मात्र यांपैकी कोणताच घरगुती उपाय चालत नाही. तुरटी फिरवून वा फडक्याने गाळूनही ते जात नाही. यास्तव फवारणीचे पाणी बादलीने भरून न्यावे, औषध नळापासून दूर मिसळावे, आणि पंप व पिंप धुण्याचे काम नळाच्या ओट्यावर कदापि करू नये. ज्या घरी हा नियम पाळला जात नाही, त्या घरच्या नळाविषयी शेजाऱ्यांनी हटकले तर तो भोचकपणा समजू नये. ते पाणी त्यांच्याही मुलांना प्यावयाचे असते.

दुसरी घातक चाल म्हणजे नळासाठी खड्डा खणणे. दाब कमी पडतो म्हणून अंगणात दोन-तीन फूट खोल खड्डा काढून त्यात नळ उतरविला जातो. तेथे धार थोडी मोठी पडते हे खरे. परंतु त्या खड्ड्यात सांडलेले पाणी, अंगणातील घाण आणि पावसाळ्यात गटाराचे पाणीही साठते. नळाचे तोंड त्यात बुडाले आणि वाहिनी रिकामी झाली की खड्ड्यातील पाणी आपल्याच भाराने नळात उतरते. पटकी, हगवण, विषमज्वर व कावीळ यांचे जंतू अशाच वाटेने गावभर फिरतात. २०१२ साली इचलकरंजी येथे काविळीची जी मोठी साथ पसरली, तिचा संबंध नळाच्या दूषित पाण्याशी लागला होता. पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई जातीच्या काविळीचा धोका गरोदर स्त्रियांना सर्वांत अधिक असतो, आणि खड्ड्यात उतरून हंडा भरण्याचे काम पुष्कळ घरी त्यांनाच करावे लागते.

तिसरी चाल नळाला थेट विजेची मोटार जोडण्याची. मोटार वाहिनीतील पाणी केवळ खेचत नाही, तर वाहिनीच्या प्रत्येक सैल सांध्यातून व चिरेतून भोवतालच्या मातीतील ओल आत ओढते. वाहिनी गटाराखालून गेलेली असेल तर ती ओल कसली असते हे सांगावयास नको. मोटार लावणाऱ्याला पाणी मिळते, शेजाऱ्याचे पाणी जाते आणि दोघांच्याही पाण्यात घाण येते. पाणी वर चढवावयाचेच असेल तर नळाचे पाणी प्रथम जमिनीलगतच्या झाकण असलेल्या टाकीत वरून पडू द्यावे आणि मोटार त्या टाकीला लावावी.

यावरून एक नियम निघतो, आणि तो सर्व प्रकारच्या तोट्यांना लागू आहे. नळाचे तोंड आणि त्याखालील भांड्याची, डोणीची वा हौदाची कड यांमध्ये हवेचे अंतर राखले पाहिजे. शास्त्रीय दृष्ट्या हे अंतर तोटीच्या तोंडाच्या व्यासाच्या दुप्पट तरी असावे लागते. व्यवहारात वीतभर अंतर ठेवावे म्हणजे चुकीला वाव राहत नाही. नळीमध्ये एकेरी झडप बसविण्याची सोय आता बाजारात आहे. ती बसविणे चांगले. तथापि तिच्यात वाळूचा एखादा कण अडकला तरी ती उघडी राहते, म्हणून तिच्या भरवशावर नळी औषधात सोडू नये. त्याचप्रमाणे स्वतःच्या विहिरीची वा विंधन विहिरीची वाहिनी पंचायतीच्या नळाला कोठेही जोडू नये. मधे झडप आहे, ती बंदच असते, हे समर्थन ऐकू नये. बंद झडप कोणीतरी कधीतरी उघडतोच.

तोटीचे प्रकार

अंगणासाठी मुख्यतः चार प्रकारच्या तोट्या वापरात आहेत. त्यांपैकी सर्वांत जुनी व आजही सर्वांत भरवशाची म्हणजे आट्यांची पितळी तोटी. चावी फिरविली म्हणजे तिचा दांडा आट्यांवरून खाली उतरतो आणि त्याच्या टोकाचा वॉशर आतील गोल बैठकीवर दाबून बसतो. ही रचना इंग्लंडातील रॉदरहॅम येथील गेस्ट अँड क्राइम्स या ओतशाळेतून १८४५ साली पुढे आली, आणि पावणेदोनशे वर्षे झाली तरी तिच्यात मूलभूत फरक करण्याची गरज पडलेली नाही. तिचे मर्म असे की, झिजण्याचे काम काही रुपयांच्या वॉशरकडे सोपविलेले असते. तो बदलला की तोटी पुन्हा नव्यासारखी होते. वाहिनीतून थोडी वाळू आली तरी तिचे फारसे बिघडत नाही, आणि तिचा वॉशर आठवडी बाजारातही मिळतो. ती हळूहळू बंद होत असल्यामुळे वाहिनीला धक्काही बसत नाही.

दुसरा प्रकार पाव फेऱ्यात उघडणाऱ्या तोटीचा. तिच्यात वॉशर नसून चिनी मातीच्या जातीच्या दोन अत्यंत गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. शहरातील स्नानगृहात ती उत्तम चालते. बाजारात तिची चमक अधिक व किंमतही अधिक, म्हणून ती अधिक चांगली असा समज पसरला आहे. परंतु गाळ, वाळू अथवा जड पाण्याचे क्षार आले म्हणजे या चकत्यांवर ओरखडे पडतात वा थर बसतो, मग तोटी ठिबकू लागते. आणि तिचा आतील भाग त्याच बनावटीचा लागतो, तो तालुक्यालाही मिळेलच असे नाही. विंधन विहिरीच्या जड पाण्यावर चालणाऱ्या अंगणातील नळाला ही तोटी बसविणे म्हणजे नांगराला घड्याळाचे चाक लावण्यासारखे आहे.

तिसरा प्रकार बॉल व्हॉल्व्ह जातीच्या तोटीचा. हिच्या आत भोक पाडलेला गोळा असतो. दांडी पाइपाच्या रेषेत आणली की तोटी पूर्ण उघडते, आडवी केली की बंद होते. तोंडाशी नळी चढविण्यासाठी खाचा असलेली अशी तोटी गोठा धुण्यास व परसबागेला पाणी देण्यास सोयीची असते. उघडी आहे की बंद हे दुरूनच दिसते, हा तिचा आणखी एक गुण. दोष एवढाच की ती झटक्यात बंद करता येते. वेगाने वाहणारे पाणी एकाएकी अडले म्हणजे पाइपात 'ठक्' असा आवाज होतो. तो पाण्याचा हातोडाच होय, आणि रोज बसणाऱ्या त्या हातोड्याने सांधे ढिले पडतात. अशी तोटी सावकाश बंद करण्याची सवय घरातील मुलांनाही लावावी.

चौथी प्लास्टिकची. ती स्वस्त असते, गंजत नाही आणि चोर तिला हात लावीत नाही. हा शेवटचा गुण हसण्यावारी नेण्याजोगा नाही. रस्त्यालगतची पितळी तोटी रात्रीतून नाहीशी झाल्याचा अनुभव असलेल्या गावांना त्याचे महत्त्व कळते. तथापि उघड्या उन्हात ती काही काळाने ठिसूळ होते आणि वासराने अंग घासले तरी मोडते. सावलीत, भिंतीलगत, धक्का न लागेल अशा जागी ती वापरण्यास हरकत नाही. घट्ट करताना तिला पाना लावू नये. हाताने आवळावी आणि फार तर पाव फेरा अधिक द्यावा.

सार्वजनिक नळकोंडाळ्यासाठी, शाळेसाठी व बाजारतळासाठी दाबून धरावी लागणारी, हात काढताच आपोआप बंद होणारी तोटी योग्य. ती तेथे बसवून मग तिची दांडी दोरीने बांधून ठेवण्याचा प्रकारही गावोगाव दिसतो. अशा वेळी दोष लोकांना देण्यापूर्वी धार पाहावी. हंडा भरण्यास पाच मिनिटे लागत असतील तर दांडी पाच मिनिटे दाबून धरण्याची अपेक्षा करणेच चूक आहे.

लांब दांड्याची, बाहेर तोंड व घराच्या आत झडप असलेली एक तोटीही अलीकडे जाहिरातींतून दिसते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि पाइप फोडते, म्हणून बर्फ पडणाऱ्या थंड देशांत तिची गरज असते. महाराष्ट्रात तिच्यावर पैसे घालविण्याचे कारण नाही. येथील नळाचा शत्रू ऊन हा आहे. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात उघड्यावरील पाइपातले पाणी हात भाजेल इतके तापते. प्लास्टिकचा पाइप म्हणून जमिनीत फूट-दीड फूट पुरावा, आणि जमिनीवर येणारा उभा तुकडा शक्य तर जस्ती लोखंडी पाइपाचा घ्यावा.

विकत घेताना

प्रथम घरातील पाइप किती इंची आहे ते पाहून जावे. घरजोडणी सामान्यतः अर्धा इंची, म्हणजे चार सुती अथवा १५ मिलिमीटरची असते. पाऊण इंची तोटी लावल्याने अधिक पाणी मिळते हा समज खरा नाही. पाइप अर्धा इंची असेल तर पाणी तेवढेच येणार. केवळ तोटीचे व जोडाचे पैसे वाढतात.

तोटीवर आय.एस.आय. चिन्ह व त्यासोबत मानकाचा क्रमांक कोरलेला आहे की नाही ते पाहावे. आट्यांच्या पितळी तोटीसाठी भारतीय मानक ७८१ हे आहे, आणि प्लास्टिकच्या तोटीसाठी ९७६३. नंतर ती तोटी तळहातावर तोलून पाहावी. अर्धा इंची चांगली पितळी तोटी सुमारे ४०० ग्रॅम भरते. त्याच आकाराची दुसरी तोटी निम्म्या वजनाची असेल, तर तिची भिंत पातळ आहे किंवा ती पितळेची नाहीच, असे समजावे. वरचा मुलामा सर्वांचा सारखाच चकाकतो; म्हणून आत, जेथे आटे कापलेले असतात तेथे पाहावे. पितळ असेल तर तेथे पिवळा रंग दिसतो; करडा रंग दिसला तर ती हलक्या मिश्रधातूची होय. लोहचुंबक चिकटला तर प्रश्नच उरत नाही. चावी चार वेळा पूर्ण उघडून व बंद करून पाहावी. ती कोठे अडखळू नये आणि दांडा डगमगू नये. शेवटी तोटी बंद करून मागील बाजूने तोंडाने जोरात फुंकावे. वारा निघाला तर पाणीही निघेल. दुकानदार नाराज झाला तरी ही परीक्षा सोडू नये.

एक गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. तोटी पुरुष आणतात आणि ती फिरवावी लागते स्त्रियांना. ओल्या, राखेच्या वा साबणाच्या हाताने चावी फिरते की घसरते, कमरेवर कळशी असताना ती एका हाताने बंद होते की नाही, हे त्याच सांगू शकतील. गोल गुळगुळीत मुठीपेक्षा दोन पाखांची चावी याच कारणासाठी बरी पडते. बाजारात जाण्यापूर्वी घरात विचारून जावे.

बसविण्याची जागा

नळाचा उभा पाइप नुसता जमिनीतून वर काढून सोडू नये. गुरे त्याला अंग घासतात, मुले लोंबकळतात, आणि सर्व ताण जमिनीतील सांध्यावर येतो. तेथील गळती वरून दिसतही नाही. पाइप एखाद्या दगडी वा काँक्रीटच्या खांबाला किंवा भिंतीला दोन पट्ट्यांनी पक्का बांधावा. तोटीच्या अलीकडे पाइपावर एक बंद करण्याची झडप बसवावी, म्हणजे दुरुस्तीसाठी साऱ्या आळीचे पाणी बंद करावे लागणार नाही. आट्यांवर टेफ्लॉनची फीत आटे आवळतील त्या दिशेने गुंडाळावी. उलट गुंडाळलेली फीत आवळताना गोळा होते आणि तिचे तुकडे तोटीत अडकतात. पूर्वी सुताच्या धाग्याबरोबर सफेदा लावीत. सफेद्यात शिसे असते, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या नळाला तो लावू नये. ओतीव पितळातही थोडे शिसे मिसळलेले असते. सबब रात्रभर तोटीत साचून राहिलेले पहिले तांब्याभर पाणी झाडाला घालावे व त्यानंतरचे प्यावयास भरावे.

तोटीचे तोंड ओट्यापासून सुमारे दोन फूट उंच असावे, म्हणजे मोठा हंडाही खाली बसतो आणि वर वीतभर जागा मोकळी राहते. दाब इतका कमी असेल की दोन फुटांवर पाणी चढत नाही, तर नळ खाली न उतरविता दाब का कमी आहे याचा शोध घ्यावा. वर सांगितलेल्या तोटी नसलेल्या नळांपासून तो शोध सुरू करावा.

ओटा दगडाचा वा सिमेंटचा, कडा थोड्या उचललेल्या व एका बाजूला उतार दिलेला असावा. सांडलेले पाणी रस्त्यावर जाऊ देऊ नये. चिखल, डास आणि भांडणे हे तिन्ही तेथूनच उत्पन्न होतात. पाणी थोडे असेल आणि परसात जागा असेल तर ते केळी, अळू, कर्दळ यांच्या वाफ्यात न्यावे. भांड्याच्या राखेचे व साबणाचे पाणी पालेभाजीला देण्यापेक्षा या झाडांना दिलेले बरे. परस नसेल तेथे शोषखड्डा करावा. चार फूट लांब, चार फूट रुंद व तितकाच खोल असा, दगडगोट्यांनी भरलेला व मध्यभागी भोके पाडलेली सिमेंटची टाकी असलेला 'मॅजिक पिट' नांदेड जिल्ह्यातून सर्वत्र पसरला आहे. मुरमाड जमिनीत तो उत्तम चालतो. काळ्या चिकण जमिनीत पाणी जिरण्यास फार वेळ लागतो, आणि पावसाळ्यात तर असा खड्डा तुंबतोच. तेथे वाफा अथवा गावाचे बंद गटार हाच मार्ग. विहीर वा विंधन विहीर जवळ असेल तर खड्डा तिच्यापासून निदान पंधरा मीटर दूर व उताराच्या खालच्या बाजूस घ्यावा.

वॉशर बदलणे

आट्यांची तोटी ठिबकू लागली की तिची चावी अधिकाधिक जोराने आवळण्याची प्रवृत्ती असते. त्याने एक-दोन दिवस ठिबकणे थांबते, परंतु वॉशर चेंगरतो आणि बैठकीलाही इजा होते. अलीकडील झडप बंद करून तोटी उघडावी व आतील पाणी जाऊ द्यावे. वरची टोपी पान्याने सोडवावी. तोटीचे अंग दुसऱ्या पान्याने धरून ठेवावे, नाहीतर सारा पाइप फिरतो व जमिनीतील सांधा सुटतो. दांडा बाहेर आला की त्याच्या टोकाचा जुना वॉशर काढून त्याच मापाचा नवा बसवावा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून लावण्याची युक्ती रात्र निभावण्यापुरती ठीक. तो मऊ असल्याने लवकरच बैठकीत रुतून फाटतो. टोपी पुन्हा बसविण्यापूर्वी बोटाने आतील बैठक चाचपावी. तिच्यावर खाच लागली असेल तर नवा वॉशरही महिनाभरात कापला जाईल. अशा वेळी बैठक घासून घ्यावी अथवा तोटीच बदलावी. पाणी तोंडातून न येता चावीखालून झिरपत असेल, तर वॉशरचा दोष नसून दांड्याभोवतीची भरण सैल झालेली असते. तेथील नट किंचित आवळावा. तेवढ्याने न भागले तर मेण लावलेला सुती दोरा दांड्याभोवती दोन वेढे देऊन तो पुन्हा आवळावा.

गावात दोन पाने, वॉशरची एक डबी व टेफ्लॉनच्या चार फिती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेवाव्या आणि हे काम येणाऱ्या दोन-तीन स्त्री-पुरुषांची नावे फळ्यावर लिहावी. हे काम शिकण्यास अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागत नाही.

वाहिनी वा नळ दुरुस्त केल्यानंतर पहिल्या दिवशीचे पाणी पाच मिनिटे वाहू देऊन परसात सोडावे, व नंतर जलसुरक्षकाकडून त्याची ओटी चाचणी करून घ्यावी. पाण्यात औषधाचा थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. शेवटच्या घरच्या नळापाशीही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. जलकुंभाजवळच्या नळाला पिवळा रंग येतो आणि एखाद्या आळीत मात्र येत नाही, असे आढळले तर त्या आळीत कोठेतरी घाण वाहिनीत शिरत असण्याचा संभव आहे. अशा आळीत टीसीएलची मात्रा वाढविण्याबरोबरच प्रत्येक अंगणात जाऊन नळाचे तोंड कशात बुडालेले आहे काय ते पाहावे, आणि तोवर त्या आळीतील घरांना पाणी उकळून पिण्यास सांगावे.